परदेशात वाढणारी लेकरं आणि खान्देशातलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी कुटुंबं दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत कुठेही राहतात आणि ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचं मूल आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. गावाकडच्या आजी-आजोबांनीही वाचायला हरकत नाही. निम्मे प्रश्न त्यांच्यामुळेच पडतात. औषधांचे आकडे दिले आहेत तिथे मुलाच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

मूल दीड वर्षाचं आहे. आखाजीला माहेरी यायचं म्हणतोय. आणावं का?

आखाजीला माहेर, झोका आणि आमरस हे सगळं खरं, पण तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. थंड देशातून आलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात तुमची रजा संपलेली असते. दोन वर्षांखालचं मूल असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. भरताची वांगी तेव्हा, दादर ज्वारीचा हुरडा तेव्हा, आणि लेकराला अंगणात दिवसभर सोडता येतं.

तरी आखाजीलाच यायचं असेल तर मुलाचं बाहेर पडणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी कूलरची खोली. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कूलर चालू असताना एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. मूल सहा तास लघवीला गेलं नाही, सुस्त पडलं, अंग तापलेलं आणि कोरडं लागलं तर कपडे काढून ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत दवाखाना गाठायचा. खिशातला कांदा ऊन लागू देत नाही, या भरवशावर थांबायचं नाही.

शाळांमुळे ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय सुटी नाही, त्यांना श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई गाठता येते. ऊन नसतं, पण डास आणि जुलाब असतात. मच्छरदाणी दिवसाच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

मुंबईला उतरल्यावर गाडीने जावं की रेल्वेने?

परदेशातली बहुतेक विमानं मध्यरात्री उतरतात आणि घरचे म्हणतात, ‘गाडी पाठवतो, सकाळी घरी पोहोचाल.’ हा बेत टाळा. दिवसभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर पहाटे तीनला कसारा घाटात असतो, आणि मागच्या सीटवर मूल कुणाच्या तरी मांडीवर. मुंबईत किंवा नाशिकला झोप काढून उजाडल्यावर निघा.

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, पाचोऱ्यासाठी रेल्वेच बरी. मुंबईहून जळगावला साधारण साडेसहा ते आठ तास लागतात, मूल बोगीत चालतं आणि त्याची झोपही होते. पाच वर्षांखाली वेगळा बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीत आणि मे महिन्यात त्याच दिवशी करा. धुळ्याला जाणाऱ्यांनी चाळीसगावला उतरून पुढे गाडी घ्यावी किंवा थेट नाशिकवरून रस्त्याने जावं. नंदुरबार, दोंडाईचा, शहादा यांना सुरतेचा विमानतळ मुंबईपेक्षा सोयीचा. सुरत-भुसावळ मार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असाच येतो.

कार सीट सोबत आणावी का?

आणावी. बहुतेक विमान कंपन्या ती सामानात वेगळी, मोफत घेतात. अडचण विमानात नसते, भाड्याच्या गाडीत असते: मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले असतात. गाडी ठरवतानाच सांगा, ‘मागचे तिन्ही पट्टे वर काढून ठेवा, मधला खांद्यावरून येणारा आहे का ते बघा.’ आयसोफिक्सचे (सीट थेट गाडीला अडकवायचे) हूक नव्या गाड्यांत असतात, जुन्यांत नसतात. म्हणून पट्ट्याने बसणारी सीट आणा. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १००० रुपये दंड आहे.

काका ‘चक्कर मारून आणतो’ म्हणत पोराला बुलेटच्या टाकीवर बसवतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा सक्तीचा आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नियम सांगितला की काका चिडत नाही, तुम्ही घाबरट आहात असं म्हटलं की चिडतो.

बाळाचं विमानाचं तिकीट कसं?

दोन वर्षांखाली मांडीवरचं तिकीट मिळतं. परतीच्या तारखेआधी वाढदिवस येत असेल तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते, हे पुष्कळांना विमानतळावर कळतं. पाळणा पहिल्या रांगेत भिंतीला लागतो, मोजकेच असतात, आणि वजनाची मर्यादा बहुधा १० ते ११ किलोच्या आसपास. तिकीट काढल्याच्या दिवशी फोन करून मागा. आई किंवा बाप एकटेच मुलाला आणत असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा.

आल्यापासून मूल रात्री दोनला उठून बसतं. घरात पाहुण्यांची रीघ. काय करावं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या मुलाचं घड्याळ साडेनऊ ते साडेदहा तास मागे असतं, कॅलिफोर्नियाचं साडेबारा ते साडेतेरा. साधारण एका तासाला एक दिवस धरा. म्हणजे पहिला आठवडा तरी असाच जाणार. लंडन-जर्मनीवाल्यांचं चार-पाच दिवसांत बसतं, दुबईवाल्यांना हा प्रश्नच नाही.

सकाळी सातला उठवून अर्धा-पाऊण तास उजेडात अंगणात न्या. दुपारची झोप दीड तासावर मोडा. रात्री दोनला उठलं तर दिवा मंद, टीव्ही-मोबाइल बंद, हातात केळं किंवा दहीभात, आणि परत अंथरूण. घरचे उठून त्याच्याशी खेळू लागले की मुलाला वाटतं, सकाळ झाली. आजीला हे आधीच समजावून ठेवा. नातू उठला की तिला झोप लागत नाही, आणि तिचा हेतू चांगलाच असतो.

पहिले तीन दिवस भेटायला कुणी नको. हे तुम्ही सांगितलंत तर वाईट दिसतं, आजोबांनी सांगितलं तर चालतं. ‘लेकरू दमेल शे, रविवारी या’ एवढं त्यांनी फोनवर म्हटलं की पुरे. कुळदैवताला, मग ते धुळ्याची एकवीरा असो की म्हसदीची धनदाई, जावळासाठी जायचं असेल तर पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ठेवा. न्हाव्याकडून ब्लेड नवं आणि तुमच्यासमोर फोडलेलं हवं.

चार महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजायचं ना?

नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध किंवा फॉर्म्युला, उन्हाळ्यातही तेवढंच. बाळाचं मूत्रपिंड जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. शिवाय चमचाभर पाण्याने पोट भरतं आणि दूध कमी जातं. तहान लागली असं वाटलं तर दूध जास्त वेळा पाजा, आणि पाणी आईला द्या.

आणि मोठ्यांना कोणतं पाणी?

उकळी फुटल्यावर एक मिनिट खदखदू द्या, गार करून झाकणाच्या भांड्यात ठेवा, बुडवायला हात नको, ओगराळं वापरा. बऱ्याच गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ते टाकीत साठतं. फिल्टर असला तरी साठवणीच्या भांड्यातच घाण शिरते. दात घासायलाही तेच पाणी. बर्फाचा गोळा, उसाचा रस, लग्नातलं थंड पाणी या सुटीपुरतं नको.

इथलं दूध पचत नाही. काय चुकतं?

म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. परदेशातल्या पूर्ण दुधात सव्वातीन-साडेतीन. मुलाचं पोट एकदम दुप्पट साय सोसत नाही. दूध उकळून गार करा, साय पूर्ण काढा, मग पाजा. दोन-तीन दिवसांत बसतं. गायीचं मिळालं तर आणखी बरं. कच्चं, धारोष्ण दूध कितीही कौतुकाने पुढे आलं तरी नको. एक वर्षाखालच्या बाळाला वरचं दूध मुख्य दूध म्हणून द्यायचंच नाही.

जुलाब लागले. ताबडतोब काय?

ओआरएसचं पाकीट. विकत घेताना ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असं छापलेलं घ्या. गोड चवीचे खोके त्याच कपाटात असतात, पण त्यांत साखर जास्त आणि त्यांनी जुलाब वाढतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात *सगळं* घालायचं. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकलं तर मिठाचं प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. केलेलं २४ तासांत संपवा.

दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मि.ली., त्यावरच्यांना १०० ते २०० मि.ली. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मि.ग्रॅ., १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. आईचं दूध चालू, खिचडी-केळंही चालू. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, रडताना अश्रू नाहीत, काहीच पीत नाही, असं दिसलं की घरी वेळ घालवू नका.

तिकडून आणलेलं तापाचं औषध संपलं. इथलं तेवढंच द्यायचं का?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. चमचा तोच, औषध वेगळं. अमेरिकेतल्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये ५ मि.ली. ला १६० मि.ग्रॅ. असतं. इथे १२० चं मिळतं आणि २५० चंही, तर थेंबांच्या बाटलीत एका मि.ली. लाच १०० मि.ग्रॅ. म्हणजे २५० च्या बाटलीतून ‘नेहमीचे पाच मि.ली.’ दिले तर दीडपट डोस गेला. थेंबांच्या बाटलीतून दिले तर तिप्पट.

हिशेब वजनावर करा: एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ., दोन डोसांत सहा तास. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मि.ग्रॅ., म्हणजे:

- १६० च्या सिरपचे ५.६ मि.ली.
- १२० च्या सिरपचे ७.५ मि.ली.
- २५० च्या सिरपचे ३.६ मि.ली.
- १०० च्या थेंबांचे १.८ मि.ली.

मोजायला सुई नसलेली सिरिंज. मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटलीवर पॅरासिटामॉलशेजारी मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन लिहिलेलं असेल तर ते मिश्रण आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं चार वर्षांखाली देऊच नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअसवर ताप म्हणजे औषध नाही, सरळ दवाखाना.

लसींचं काय?

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. गोवराची पहिली लस अमेरिकेत बारा महिन्यांनी देतात, पण परदेश प्रवास असेल तर सहा ते अकरा महिन्यांतही एक जादा डोस देतात. पुढचे दोन ठरल्या वेळी लागतातच. टायफॉइड आणि कावीळ-अ यांचं विचारा. टायफॉइडचं जे इंजेक्शन तिकडे मिळतं ते दोन वर्षांनंतरच चालतं, तर इथे सहा महिन्यांनंतर देता येणारी संयुग्म (कॉन्जुगेट) लस मिळते. म्हणून काही जण आल्यावर ती इथे घेतात. लसीकरणाच्या दोन्ही देशांच्या नोंदी एकाच वहीत ठेवा. बीसीजी दिली असेल तर ती तारीख नक्की, पुढे क्षयाची कातडीवरची चाचणी करताना विचारतात.

गल्लीतलं कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी?

रक्त आलं तरी आणि न आलं तरी: धावत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद, तेल काही नाही. त्याच दिवशी दवाखाना. लस ०, ३, ७, १४ आणि बहुधा २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तालुक्याला नसलं तर जिल्हा रुग्णालयात विचारा. परतीची तारीख मध्ये आली तर उरलेले डोस तिकडे घ्या. लसीचं नाव आणि तारखा लिहून न्या.

विंचू उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात निघतो. बूट झटकून घालायचे, गच्चीवर झोपताना अंथरूण झाडायचं, सरपणाच्या ढिगाशी मूल नको. चावल्यावर मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर ती हृदयावर येणारी बाधा आहे. प्राझोसिन हे औषध डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या महाडमधल्या कामामुळे सगळीकडे माहीत झालं. ते लवकर मिळणं महत्त्वाचं. मंत्र घालणाऱ्याकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

सासूबाई घुटी आणि काजळ सोडायला तयार नाहीत.

भांडण एका गोष्टीवर करा, बाकी सोडा. ती गोष्ट म्हणजे मध. एक वर्षाखाली थेंबभरही नको, चाटण म्हणूनही नाही, कारण त्यातल्या बीजाणूंनी बोट्युलिझम होतो. घुटीत मध आणि जास्त उगाळलेलं जायफळ नसेल, सहाण धुतलेली असेल तर निदान मोठा धोका टळतो. सहा महिन्यांखाली तीही नको. काजळात, सुरम्यात शिसं सापडतं, म्हणून डोळ्यात नको. दृष्टीचा टिळा पायाच्या तळव्याला लावा, तिथे कुणाची हरकत नसते. अमेरिकेतले डॉक्टर भारतातून परतल्यावर शिशाची तपासणी सुचवतात, तेव्हा कोणती हळद, कोणतं काजळ हे विचारतात.

डायपर, फॉर्म्युला, बाटल्या: काय आणावं, काय इथे मिळतं?

डायपर इथे मिळतात, अगदी तालुक्यालाही, पण बहुतेक चड्डीसारखे, चिकटपट्टीचे कमी. माप वजनावर असतं, पाकिटावरचे किलो वाचा.

फॉर्म्युला मात्र तिकडचाच आणा, सुटीत बदलू नका. हिशेब असा: ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण ३ लिटर दूध होतं, रोज ७५० मि.ली. पिणाऱ्याला चार दिवस. महिन्याला आठ डबे, एक जादा.

अमेरिकेतली ११० व्होल्टवर चालणारी बाटली गरम करायची, वाफ काढायची यंत्रं इथल्या २३० व्होल्टवर पहिल्याच मिनिटात जळतात. नुसता प्लग बदलून उपयोग नाही. यंत्रावर १००-२४० लिहिलेलं असेल तरच लावा. एरवी पातेलं आणि गरम पाणी.

मूल तिखटाला हात लावत नाही. खायला काय द्यावं?

खान्देशी जेवण म्हणजे फक्त शेवभाजी नव्हे. वरण-बट्टी घ्या: तळायच्या आधीची, नुसती उकडलेली बट्टी कुस्करून, तुरीचं वरण आणि तूप. ज्वारीची भाकरी गरम दुधात. फोडणीच्या आधी बाजूला काढलेली डाळ, डुबुक वड्यांतले बिनतिखट वडे, पुरण, मांड्याचा मऊ भाग. केळीला तर तोटाच नाही, रावेर-यावल जवळच.

भाजीत तिखट पडल्यावर ‘पाण्यात धुऊन’ देणं चालत नाही; तिखट तेलात उतरलेलं असतं, पाण्याने जात नाही. दही मिसळा किंवा आधीच वाटी वेगळी काढा.

चार-पाच वर्षांखाली आख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे, जाड शेव हातात देऊ नका. घरात परातभर शेंगा सोलत बसलेल्या असतात आणि मूल खालचा दाणा उचलतं. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा फुगतो आणि दुर्बिणीने काढावा लागतो.

परदेशात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी थापली की चिरते. का?

पीठ जुनं. दुकानातलं ज्वारीचं पीठ कित्येक महिने पडून राहिलेलं असतं, चिकटपणा गेलेला. ज्वारी आणून मिक्सरमध्ये थोडी-थोडी, भांडं गरम होऊ न देता दळा आणि चाळा. प्रमाण घराघरात बदलतं, चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद आणि मीठ हे चालणारं. जुनंच पीठ वापरायचं तर कडकडीत पाण्याने उकड काढा: दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, झाकून दहा मिनिटं, मग तळहाताने चांगलं मळायचं. इलेक्ट्रिक शेगडीवर तवा पुरता तापायला वेळ लागतो. पाणी फिरवल्यावर लगेच उलटवली नाही तर तडे जातात.

आणि भरीत? धुराचा अलार्म वाजतो.

गावाकडे वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, तो धूर फ्लॅटमध्ये जमणार नाही. ओव्हन २३० अंश सेल्सिअसवर, वांग्याला चार-पाच टोचे आणि तेलाचा हात, ४० ते ५० मिनिटं, एकदा उलटवून. टोचे विसरलात तर वांगं ओव्हनमध्ये फुटतं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं हिरवट भरीत-वांगं तिकडे मिळत नाही. जांभळ्या मोठ्या वांग्यात बिया आणि पाणी जास्त, म्हणून सोलल्यावर दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या. मग कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, तेल. मुलाचा वाटा मिरची कुटून घालायच्या आधी काढा.

शाळेने डब्यात शेंगदाणा चालणार नाही म्हटलं. आमचा स्वयंपाकच त्यावर!

अनेक देशांतल्या पाळणाघरांत ही बंदी असते, एखाद्या मुलाच्या ॲलर्जीमुळे, आणि ती गांभीर्याने घ्यावी. डब्याच्या भाज्यांत कुटाऐवजी भाजलेल्या सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बियांचं कूट घाला. तीळ नको, तोही ॲलर्जीच्या यादीत असतो. चटण्यांचे डबे, मिक्सरचं भांडं, शेंगदाणा तेल यांतून अंश जातो, म्हणून शाळेच्या डब्यासाठी तेल वेगळं. घरी मात्र शेंगदाणा बंद करू नका. बाळाला वरचं अन्न सुरू झाल्यावर कुटाच्या रूपात नियमित मिळत राहिला तर ॲलर्जीची शक्यता कमी होते. बाळाला जास्त इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घरात अहिराणी बोलावी की मराठी? मूल गोंधळेल का?

जी तुमच्या तोंडात सहज येते ती. आईची अहिराणी, बापाची मराठी आणि शाळेची तिसरी भाषा, असं वाढणारं मूल सुरुवातीला मिसळून बोलतं, ‘माले ज्यूस दे’ म्हणतं. तो गोंधळ नव्हे, ते दोन्ही घेतंय. शब्द उशिरा येण्याचं कारण दोन भाषा नसतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, तर कान तपासून घ्या आणि बोलीवर खापर फोडू नका.

चूक होते ती वेगळीच: अहिराणी फक्त रागावताना आणि थट्टेत वापरली जाते. मग मुलाला ती ओरड्याची भाषा वाटते. ‘आठे ये’, ‘तुले काय जोयजे’, ‘जेवन व्हयनं का’ हे रोजचं, प्रेमाचं बोलणं असू द्या. यावल-रावेरकडची लेवा बोली असेल तर तीच. शुद्ध-अशुद्धचा वाद सहा वर्षांखाली अगदी गैरलागू.

आजीशी व्हिडिओ कॉलवर मूल दोन मिनिटांत पळून जातं.

‘आजीला नमस्कार कर, गाणं म्हण’ ही परीक्षा झाली की पळणारच. कॉल जेवणाच्या वेळी लावा, फोन टेबलावर उभा करा आणि आजीला तिचं काम करू द्या: पापड लाटणं, शेंगा निवडणं. मूल खातं, ती बोलत राहते.

वेळ ठरलेली हवी. न्यू जर्सीचे सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात इथले संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात सहा. तिकडचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, आपलं बदलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दोन तारखांना गोल करून ठेवा, नाहीतर आजोबा तासभर फोन हातात धरून बसतात.

आई-बाबा मुलाला सांभाळायला येणार आहेत. काय तयारी?

किती दिवस राहता येतं ते देशावर आहे: युरोपच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९०, ब्रिटनच्या नेहमीच्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने, कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत. विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका. लपवलं तर नेमका तोच दावा नाकारला जातो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, सामानात जाणाऱ्या बॅगेत नव्हे तर हातातल्या पिशवीत.

त्यांना दोन गोष्टी आधी स्पष्ट सांगा. एक, मुलाला गाडीत ‘दोन मिनिटं’ एकटं सोडायचं नाही. दोन, चापट नाही. स्वीडनमध्ये १९७९ पासून आणि जर्मनीत २००० पासून मुलाला मारणं कायद्याने बंद आहे, आणि शेजारी फोन करतात. बाकी हाताने भरवणं, कुशीत झोपवणं यावर आजीला बोलू नका, तेवढ्यासाठीच ती आली आहे.

बाळाच्या पाठीवरचे निळे डाग पाहून पाळणाघरवाली विचारते.

आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कंबरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात, काही वर्षांत जातात. परदेशात ते मार लागल्याचे वळ समजले जाऊ शकतात. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून त्यांची नोंद लिहून घ्या आणि पाळणाघरात एक प्रत द्या.

मुलाचा पासपोर्ट कोणता, ओसीआय घ्यावं का?

आखाती देशांत जन्मलेल्या मुलाला तिथलं नागरिकत्व जन्माने मिळत नाही. भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत जन्मनोंद करून भारतीय पासपोर्ट घ्या. अमेरिका-कॅनडात जन्मलेलं मूल बहुधा जन्मतः तिथलं नागरिक असतं, आणि भारत दोन पासपोर्ट मानत नाही. तिथला पासपोर्ट घेतला तर ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) किंवा ई-व्हिसा, अगदी तान्ह्यालाही.

अर्ज अडतात ते स्पेलिंगवर. चौधरी आडनाव बापाच्या पासपोर्टवर एका तऱ्हेने, आईच्या दुसऱ्या, लग्नाच्या दाखल्यावर तिसऱ्या. जन्मदाखला काढतानाच एक स्पेलिंग ठरवा. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावायचं की नाही तेही तेव्हाच, नंतर बदलणं महाग. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा लागतो; शाई झोपेत लावा.

आजोबा नातवाच्या नावावर शेत करू म्हणाले तर थांबवा. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, वारसाने येऊ शकते.

परतताना काय न्यावं, काय नको?

बिबडे, नागलीचे पापड, केळीचे वेफर्स, कोरडी डाळ बहुतेक ठिकाणी चालतात. विमानतळावरच्या फॉर्मवर मात्र लिहा. ऑस्ट्रेलियात न लिहिल्याबद्दलच दंड होतो. आंबे आणि ताजी फळं अमेरिकेला नको. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये खव्याचे पेढे, तूप असे दुधाचे पदार्थ बंद. बाळाचं पावडर दूध तेवढं ठरावीक मर्यादेत जातं.

काळ्या मसाल्यात खसखस असते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. संयुक्त अरब अमिरात, सौदी आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदी असलेला पदार्थ आहे, आणि ‘घरचा मसाला आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. तिकडे जाणाऱ्यांनी मसाला कुटतानाच खसखस वगळायला सांगावं आणि दाटपणासाठी खोबरं थोडं जास्त भाजावं.